झुंबरबाईचा शेवयांचा पाट

झुंबरबाई घरात शिरताना आठवणीनं वाकायची आणि बाहेर पडताना हमखास कपाळ आपटून घ्यायची. दाराची चौकट तिच्या सासऱ्यानं बसवलेली. आपल्या घरी एवढी उंच सून येईल हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मिरजगावच्या अलीकडच्या त्या वाडीत तिच्याएवढी उंच बाई दुसरी नव्हती, आणि पुरुषांतही दोघातिघांचीच मान तिच्याशी बोलताना सरळ राहायची. नवरा सहादेव त्या दोघातिघांतला नव्हे. तो तिच्या खांद्याला लागायचा. लग्नात अंतरपाट नवरीच्या डोक्याच्या वर ठेवता ठेवता धरणाऱ्यांचे हात भरून आले, ही गोष्ट वाडीत सगळ्यांना पाठ होती, कारण झुंबरबाई ती स्वतःच रंगवून सांगायची.

संकोच म्हणून तिला कशाचा नव्हता. आवाज मोठा, मत पक्कं, आणि एखादी गोष्ट येत असली की 'मला येतं' म्हणायला ती कुणाची वाट बघत नसे. भाकरी तिची बरी होती, कालवण बेताचं होतं, आणि गोधडी शिवायला बसली की टाका कुठल्या कुठं जाई. हे सगळं ती हसत कबूल करी. पण शेवयांचा विषय निघाला की बाई बदलायची. पदर खोचायची, ताठ बसायची आणि म्हणायची, "शेवया मातुर माज्याच." त्यावर वाडीत कुणी हूं की चूं करत नसे, कारण ते खरं होतं.

चैत्र लागला, उन्हं तापली, की ओट्यावर पाट यायचा. शेवयांचा पाट म्हणजे जेवायला बसायचा पाट नव्हे. चांगली पुरुषभर लांबीची सागवानी फळी, एका अंगाला बसायला रुंद बैठक, तिथून पुढं निमुळती होत उतरत जाणारी. बैठकीखालचे दोन पाय उंच, पुढचे दोन ठेंगणे. पाट ओट्यावर असा ठेवायचा की त्याचा शेंडा ओट्याच्या कडेबाहेर येईल. एक बाई वर बैठकीवर बसून पिठाचा लांबोळा तळहाताखाली घोळत घोळत उतारानं पुढं सारते. शेंड्याकडं फळीला बारीक खाचा असतात, त्यांवरून पीठ गेलं की त्याचा दोरा होऊन खाली पडायला लागतो. खाली अंगणात दुसरी बाई बसलेली असते. ती तो दोरा हातावर झेलते, दुमडून दुमडून पदर पदर करते आणि बाजेवर आडव्या ठेवलेल्या तुरकाठ्यांवर वाळत घालते. वरची वळणारी आणि खालची झेलणारी. मान सगळा वरचीला.

झुंबरबाईचा पाट तिच्या माहेरचा, पाथर्डीकडचा. तो नुसता पाहिला तरी हात फिरवावासा वाटे. बैठकीच्या पुढं फळीला पोटाशी किंचित खोल बाक दिला होता, ओढ्याचं पाणी दगडावरून सारखं जाऊन जाऊन दगडाला येतो तसा. पीठ त्यात आपसूक मधोमध राही, कडेला पळत नसे. कडा अशा गोल मारल्या होत्या की मनगट दिवसभर घासलं तरी सोलत नसे. बैठकीपुढं एक उंचवटा होता, वळणारी उतारावरून पुढं घसरू नये म्हणून. कुठं एक खिळा नाही. पाय फळीत घट्ट बसवलेले आणि एवढ्या वर्षांत एकदाही न हललेले.

"कोंडीराम सुतारानं केलाय," झुंबरबाई सांगायला लागे, आणि ऐकणाऱ्या बायका एकमेकींकडं बघून गालात हसत, कारण पुढचं सगळ्यांना तोंडपाठ होतं. "माजं लगीन ठरलं तवा बाप मला त्याच्याकडं घेऊन गेला. सुतारानं मला वंडक्यावर बसवलं, सुतळी आनली, कमरंपासनं बोटापत्तर माप घेतलं. गुडघ्यापासनं टाचंपत्तर घेतलं. चोळीचं घेत्यात तसं! आन मग लाकडाला हात लावला."

एवढ्या पाटात एकच गोष्ट वाकडी होती. शेंड्याच्या खालच्या अंगाला, जिथं कुणाचं लक्ष जायचं कारण नाही तिथं, कोंडीरामानं दोन पोपट कोरले होते. चोचीला चोच लावलेले, पंखाचं पीसन् पीस वेगळं दाखवलेलं, अगदी जिवंत. पण उलटे. वर्षभर पाट माजघरात खुंटीला बैठकीकडून टांगलेला असे, पाय आणि तळ घराकडं करून, आणि ते पोपट वटवाघळांसारखे डोकं खाली करून लोंबत असत. आल्यागेल्याला त्याचं हसू येई. झुंबरबाईही हसायची. "हात सोन्याचा हुता कोंडीरामाचा," ती म्हणे, "पन डोस्क्यानं वाईच येडा. नक्षी काडली ती बी खाल्ल्या अंगाला, आन ती बी उलटी!"

हा पाट ती कुणाला देत नसे. लेक कौसा मात्र त्यावर बसे. कौसा आईसारखीच उंच, आईसारखेच लांब हात. ती वळायला बसली की दोरा तुटत नसे, आणि झुंबरबाई सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी म्हणे, "ह्यो पाट माज्या मागं माज्या लेकीचा." तसं ठरूनच गेलं होतं.

राहिली सून. मुलगा मच्छिंद्र, त्याची बायको भागिरथी कर्जतकडची. अंगानं लहानखुरी, पायात भिंगरी असल्यासारखी कामाला. भाकरी अशी करायची की सहादेव जेवताना एक जास्तीची मागून घ्यायचा आणि बायकोकडं बघायचं टाळायचा. दळण, कांडण, लुगड्याला ठिगळ, सगळं नेटकं. पण लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात ती सासूच्या पाटावर बसली आणि दोरा तुटला. पुन्हा वळला, पुन्हा तुटला. झुंबरबाई तिच्या पाठीशी उभी राहून डोक्यावरून सूचना देत होती. हात लांब कर, दाब कमी कर, अगं दाब कमी म्हणजे सोडून नको देऊ! शेवटी ताटात बोटभर बोटभर तुकड्यांचा ढीग झाला.

"हाताला वळनच न्हाई," झुंबरबाई सगळ्या बायकांदेखत म्हणाली. "आयनं काय शिकिवलंच न्हाई."

भागिरथीनं तुकड्यांचं ताट बाजूला सारलं. उठली आणि खाली जाऊन झेलायला बसली. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. बायका तिला तोंडावर काही म्हणत नसत, पण कुणाच्या घरी शेवया मोडल्या की 'भागिरथीच्या हातच्या हायेत वाटतं' अशी चेष्टा निघे. तिला सगळ्यात लागलं होतं ते आईचं नाव. तिची आई वारलेली होती. झुंबरबाईला हे माहीत होतं, पण जिभेवर आलेलं मागं घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मग दुष्काळ पडला. बहात्तर सालच्या पावसानं तोंड फिरवलं आणि वाडीतली धडधाकट माणसं पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायला लागली. झुंबरबाई उंच, म्हणून मुकादमानं तिला चढावर उभं केलं, खालून आलेली पाटी वर पोचवायला. त्र्याहत्तर सालच्या होळीच्या सुमाराला एका दुपारी भुसभुशीत माती पायाखालून सरकली आणि बाई उजव्या हातावर आपटली. हाडवैद्यानं मनगट बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "पावसाळ्यापत्तर हात हुता तसा हुईल. तवर काय बी करायचं न्हाई."

"काय बी न्हाई म्हंजी?" झुंबरबाईनं विचारलं.

"काय बी न्हाई म्हंजी काय बी न्हाई."

पावसाळ्यापर्यंत थांबायला सवड असती तर प्रश्नच नव्हता. पण कौसाचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं. दुष्काळातलं लग्न, दारात मांडव, मोजकी माणसं, जेवणावळीचा बडिवार नाही. मानपान नाही, बँड नाही. रेशनवर आलेल्या परदेशी मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खाऊन कंटाळलेल्या घरात एकाच गोष्टीवर झुंबरबाई अडून बसली होती. रुखवतात शेवया हव्यात आणि त्या या घराच्या नावाला साजेशा हव्यात. त्यासाठी तिनं चांगल्या सालातला खपली गहू उतरंडीच्या तळाशी लिंबाचा पाला घालून राखून ठेवला होता. घरात उपास पडले तरी त्याला हात लावू दिला नव्हता. तो होता तेवढाच. त्याचं सपीट एकदा भिजवलं की भिजवलं. बिघडलं तर दुसरं आणायचं कुठून?

आणि त्या घराचा एक दंडक होता. रुखवताच्या शेवया घरच्याच सवाष्णीनं वळायच्या, आणि नवरीनं स्वतःच्या रुखवताला हात लावायचा नाही. म्हणजे कौसा बाद. झुंबरबाईचा हात गळ्यात बांधलेला. शेजारची बायडाबाई, जिच्या शेवया वाडीत दुसऱ्या नंबराच्या होत्या आणि हे जिला बरीच वर्षं सलत होतं, ती मुद्दाम चौकशीला आली.

"झुंबराक्का, मी यिऊ का वळाया?"

"तुजा हात चांगलाय गं," झुंबरबाई म्हणाली, "पन चूल तुजी निराळी."

सहादेवानं सुचवून पाहिलं की मिरजगावात एका दुकानदारानं शेवयांचं यंत्र आणलंय, पोराचा कान पिरगाळावा तसा दांडा पिरगाळायचा की झालं. झुंबरबाईनं त्याच्याकडं नुसतं वरून खाली बघितलं. तेवढं बघायला तिला सोयीचंच होतं. सहादेव तंबाखू शोधायला निघून गेला.

उरली भागिरथी.

"उद्या वाईच पीठ भिजीव," झुंबरबाईनं तिला सांगितलं. "रेशनच्या गव्हाचं. बसून बग. मी हाय."

भागिरथीच्या तोंडचं पाणी पळालं, पण ती हो म्हणाली. सकाळी ओट्यावर पाट मांडला. भागिरथी बैठकीवर चढली. झुंबरबाई सवयीनं तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की खाली झेलायला कुणी नाही. कौसाला बसवता येत नव्हतं, नुसती तालीम असली तरी ते रुखवतालाच हात लावण्यासारखं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच झुंबरबाई आपल्या स्वतःच्या पाटाच्या खाली, अंगणात, झेलणारीच्या जागेवर मांडी घालून बसली. डावा हात पुढं केला आणि वर बघितलं.

समोर पोपट होते. सरळ. डोकी वर, शेपट्या खाली, चोचीला चोच. पंख असे उघडलेले की आता उडतील. शेंड्याची फळी डोळ्यांच्या जरा वर आणि नजर खालून, म्हणजे मुंडकी तिच्याकडच्या टोकाला होती. या जागेवरून ते उलटे नव्हतेच.

आणि तिला एकदम सासू आठवली. म्हातारी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. झुंबरबाई नवी नवरी होऊन या पाटावर बसायची तेव्हा सासू खाली झेलायला असायची, आणि मान वर करून सारखी गालातल्या गालात हसायची. झुंबरबाईला वाटायचं, ही आपल्यालाच हसते. आपल्या उंचीला, आपल्या लांब हातांना. त्यावरून तिनं मनात अढी धरली होती आणि म्हातारी जाईपर्यंत सोडली नव्हती. म्हातारी पोपटांना हसत होती! सुतार वेडा नव्हता. वर बसणारीला मान मिळतो, चार माणसं तिला नावाजतात. खाली बसणारीला दिवसभर मान वर करून बसावं लागतं आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. कोंडीरामानं तिच्यासाठी पोपट काढले होते.

"आत्याबाई, सोडू का?" भागिरथीनं वरून विचारलं.

"सोड."

दोरा आला, हातभर आला, आणि तुटला. दुसरा तुटला. तिसराही तुटला. पण या खेपेला झुंबरबाई पाठीमागं उभी नव्हती. पाठीमागून तिला एवढी वर्षं दिसला होता तो सुनेचा अंबाडा आणि हलणारा खांदा. आज तिला सगळी भागिरथी दिसत होती. तिचे पाय दिसत होते. ते अधांतरी होते. टाच टेकत नव्हती, नुसती पायाची बोटं ओटा चाचपत होती. उंचवट्यानं तिला मागं अडवलं होतं, आणि तिनं हात पार खांद्यातून ताणला तरी तळहात जेमतेम पोटाच्या बाकापर्यंत येत होता. तिथून खाचांपर्यंत वीतभर अंतर पिठाला एकट्यानंच जावं लागत होतं, आणि दोरा दर वेळी बरोबर तिथंच तुटत होता.

झुंबरबाईच्या हातात तुकडे होते. ते ती बघत बसली. कमरंपासनं बोटापत्तर माप घेतलं. गुडघ्यापासनं टाचंपत्तर घेतलं. ही गोष्ट तिनं उभ्या वाडीला सांगितली होती, आणि एकट्या स्वतःला सांगायची राहून गेली होती. आयनं शिकिवलंच न्हाई, असं आपण म्हणालो. तिला लाज वाटली. लाज तिला आयुष्यात फारशी माहीत नव्हती, त्यामुळं ती सबंध अंगभर वाटली.

"उतर खाली," ती म्हणाली.

भागिरथीला वाटलं, झालं, संपलं. ती डोळे पुसत उतरली. पण सासू विटा शोधत होती. पायाखाली दोन विटा ठेवून पाहिल्या. टाच टेकली, पण हात होता तिथंच राहिला. बैठकीवर पुढं सरकून पाहिलं, तर उंचवटा मांडीत रुतला. विटा काढल्या. मग झुंबरबाईनं ओट्यावर उभं राहून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "कौसा, पुंजाराम सुताराला बोलव. करवत घिऊन ये म्हनावं."

पुंजाराम वाडीचा सुतार. औतं, गाडीची चाकं, तिफणी, सगळं त्याच्याकडं. या पाटाचा त्याला मनातून हेवा होता आणि तो त्यानं कधी लपवला नव्हता. झुंबरबाई काय सांगते ते ऐकून त्यानं करवत ओट्याला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात मागं घेतले.

"मागचे पुडचे पाय कापायचे? आन ह्यो उंचवटा तासून काडायचा?"

"व्हय."

"झुंबरबाई, ह्या पाटाला करवत लावाया माजा हात धजत न्हाई. असं काम मला जलमात जमायचं न्हाई. मी दुसरा करून देतो की."

"कशाचा करशील? दुष्काळात सागवान गावायचं न्हाई. बाभळीचं वलं लाकूड पिठाला रंग सोडतं. आन नवा पाट पयल्या साली पीठ धरून ठिवतो, तुला म्हाईत हाय. लगीन पुडल्या पंदरवड्यात हाय माज्या घरी."

"पन पावसाळ्यात तुमचा हात बरा हुईल. मग तुमी कशावर बसनार?"

"मी खाली बसन."

पुंजाराम पाटाच्या पायांवरून हात फिरवत राहिला. बोलली ती कौसा. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती, आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

"आई, त्यो पाट माजा हाय. तूच म्हनत हुतीस. सगळ्या वाडीत सांगितलंस."

ते खरं होतं आणि झुंबरबाईनं ते नाकारलं नाही. लेकीवर तिचा जीव होता. ती आता पंधरा दिवसांत परक्या घरी जाणार, आणि तिच्या हातातून आपण आपल्या तोंडानं दिलेली वस्तू काढून घेतोय, हे तिला कळत होतं. तिचा आवाज जरा खाली आला.

"सांगितलं. पन कौसा, त्यो माज्या मापाचा हाय म्हनून तुला बसतो. तुजं माप कुनी घेतलंय का? न्हाई. तुजा पाट अजून व्हायचाय. ह्यो हितनं जात न्हाई. ह्या घरात शेवया हितून म्होरं कोन वळनार हाय? मी किती दिस पुरनार?"

"म्हंजी वयनीला दिलास."

"दिला."

कौसा आत निघून गेली. भागिरथी पुढं आली. सासूला उलट बोलायची तिची पहिलीच वेळ असावी. "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. माज्यापायी पाट मोडू नका. बायडाबाईला बोलवा. मला न्हाई जमत, मला ठाव हाय."

"तुला काय ठाव न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "तुला समदं जमतंय. तुजा हात वाकडा नव्हता, भागे. पाट माजा हुता. आन आयचं नाव घेतलं त्ये मी चुकले. बस त्या वंडक्यावर."

मग तिनं सुतळीचं एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि सुनेचं माप घेतलं. कमरेपासून बोटापर्यंत. गुडघ्यापासून टाचेपर्यंत. सुतळीला गाठी मारायला हात पुरेना, तेव्हा गाठी पुंजारामनं मारल्या. पाट उलटा करून ओट्यावर घातला. झुंबरबाईनं त्याच्यावर गुडघा रोवला. पुंजारामनं करवत उचलली, एकदा तिच्याकडं बघितलं आणि पायावर ठेवली. पहिली ओढ बसली तसा पाट थरथरला. झुंबरबाईनं ओठ घट्ट मिटले. एका गुडघ्यानं तो आवरत नव्हता, दुसऱ्या टोकाकडून सारखा उचलला जात होता. तेवढ्यात कौसा आतून आली, कुणाकडं न बघता शेंड्याकडं बसली आणि दोन्ही हातांनी पाट दाबून धरला. पोपट तिच्या अगदी नाकासमोर होते. करवतीचा भुसा त्या दोघींच्या हातांवर पडत राहिला.

उंचवटा पुंजारामनं तासला आणि वीतभर पुढं, फळीत खाच घेऊन, एक पट्टी बसवून दिली. तीही बिनखिळ्याची. कोंडीरामाच्या कामात खिळा ठोकायला त्यालाही लाज वाटली.

आणि मग खपलीचं सपीट भिजलं. तेलाचा हात लावून, पाट्यावर कुटून, मऊ करून पीठ तयार झालं तेव्हा झुंबरबाईनं ते दोन बोटांत ओढून बघितलं आणि मान डोलावली. आळीतल्या बायका कामावर जायच्या आधी मुद्दाम वळसा घालून येऊन उभ्या राहिल्या. बायडाबाई सगळ्यांत पुढं. भागिरथी बैठकीवर बसली. टाच टेकली. तिनं खाली सासूकडं बघितलं.

पहिला दोरा तुटला. बायडाबाईनं शेजारणीला कोपर मारलं. भागिरथीनं तळहात पदराला पुसला, तेलाचं बोट फिरवलं आणि पुन्हा पीठ सारलं. तिचा हात पोटाच्या बाकावरून पुढं गेला, तसाच खाचांपर्यंत गेला, आणि दोरा निघाला. निघाला तो थांबेचना. झुंबरबाईची धांदल उडाली. झेलायची तिला सवय नव्हती, त्यात हात डावा. एक पदर निसटला, दुसरा चिकटला, तिसरा तिच्या गळ्यातल्या कामट्यांत अडकला.

"आत्याबाई," वरून दबकत आवाज आला, "वाईच भराभरा घ्या की."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. या ओट्यावरून झुंबरबाईला शेवयांतलं काही सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. झुंबरबाईनं मान वर केली. पोपट आणि त्यांच्या वर सुनेचं घामेजलेलं तोंड, दोन्ही एकदमच दिसली.

"घेते बाई," ती म्हणाली. "तू वळ."

उन्हं चढेपर्यंत तुरकाठ्या भरल्या. त्या शेवया झुंबरबाईच्या शेवयांएवढ्या लांब नव्हत्या, हे खरं सांगितलं पाहिजे. पण बारकाव्यात त्या सरस होत्या. लहान तळहाताखालून निघालेला दोरा केसासारखा आला होता. बायडाबाईनं एक उचलून उजेडात धरली, खाली ठेवली आणि कामावर जायला उशीर होतोय म्हणाली. झुंबरबाईला तेवढी पावती पुरेशी होती.

लग्नात वराकडच्या बायकांनी रुखवत बघितलं. वस्तू थोड्याच होत्या, दुष्काळ दोन्ही घरी सारखाच होता. पण शेवयांच्या ताटापाशी त्या थांबल्या. नवऱ्यामुलाच्या आईनं, गोजरबाईनं विचारलं, "ह्या कुनी वळल्या वो?"

झुंबरबाईनं भागिरथीला दंडाला धरून पुढं ओढलं. "माज्या सुनंनं," ती म्हणाली, आणि आवाज तिचा नेहमीचाच होता, म्हणजे मांडवाबाहेर बांधलेल्या बैलांनीही कान टवकारले. "कर्जतकडची हाय. आय न्हाई तिला, पन हात आयचाच हाय." भागिरथीनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. हाडवैद्यानं सांगितल्याप्रमाणं झुंबरबाईचा हात होता तसा झाला. नागपंचमीला कौसा पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा ओट्यावर पुंजाराम बसलेला होता आणि त्याच्याशेजारी नगरहून आणलेली सागवानी फळी, तेल पिऊन तांबूस झालेली. अंगणात ओंडका ठेवलेला. कौसानं फळीकडं बघितलं, मग आईकडं.

"बस," झुंबरबाई म्हणाली.

या खेपेला सुतळी धरायला तिचे दोन्ही हात होते. तिनं लेकीचं माप घेतलं. कमरेपासून बोटापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. गाठी स्वतः मारल्या. कौसाचे पाय आईपेक्षा बोटभर लांब निघाले, आणि आईच्या पाटावर तीसुद्धा एवढे दिवस जरा अवघडूनच बसत होती हे त्या दिवशी दोघींनाही कळलं. कौसाला हसू आलं. हसता हसता तिनं आईच्या पोटाशी डोकं टेकलं आणि झुंबरबाईनं ते तिथंच धरून ठेवलं.

पुंजारामनं सुतळी गुंडाळून कानावर ठेवली. मग जरा घुटमळला.

"आन पोपट?"

"काडायचे की. खाल्ल्या अंगाला. मुंडकी शेंड्याकडं."

"खुटीला टांगल्यावर उलटे दिसत्याल, झुंबरबाई. लोक हसत्याल मला."

"हसू दे," झुंबरबाई म्हणाली. "खाली गोजरबाई बसनार हाय. तिला काय तरी बगाया नको?"